काचेचा पेला

गेले सहा महिने दर रविवारी सकाळी आम्ही एका काचेच्या पेल्यासमोर बसत आलो आहोत. एवढे वाचून कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून लगेच सांगतो, की पेल्यात नळाचे साधे पाणी असते, आणि तेही पाहण्यापुरतेच. समोर कागद, उजव्या हाताला रंगांची पेटी, डाव्या हाताला चिंधी असा सरंजाम मांडून आम्ही त्या पेल्याचे जलरंगात अभ्यासचित्र काढीत असतो. आजवर असे अकरा पेले कागदावर उतरले. त्यांतला एकही पाणी धरील असा नाही.

या उद्योगाचे कौतुक आमच्या घरात वा वसाहतीत कोणी केल्याचे स्मरत नाही. सौभाग्यवतींनी पहिल्याच रविवारी सुचवले, "अहो, रंगवायचेच आहे तर स्वयंपाकघराचे दार रंगवा." शेजारच्या सद्गृहस्थांनी खिडकीतून डोकावून विचारले, "भाईसाहब, भेड़ाघाट छोड़कर गिलास?" त्यांचा प्रश्न रास्त होता. ज्या जबलपुरापासून थोड्याच अंतरावर नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते, तेथे राहून एखाद्याने वीतभरही उंच नसलेल्या पेल्यावर सहा महिने खर्ची घालावेत, हे त्यांना विचित्र वाटले तर नवल नाही. आम्ही हसून वेळ मारून नेली. खरे कारण हिंदीत सांगणे आम्हांला जमले नसते. मराठीतही ते आज प्रथमच सांगत आहोत.

हा पेला आमच्या अण्णांचा. अण्णा कऱ्हाडच्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात ते गेले. दिवसकार्य उरकल्यावर आईने विचारले, "अण्णांचे काय नेतोस?" तेव्हा त्यांच्या कुंचल्यांची गुंडाळी, त्यांचे एक अर्धवट राहिलेले चित्र आणि हा पेला अशा तीन वस्तू आम्ही मागून घेतल्या. कुंचले आणि चित्र पेटीत गेले. पेला मात्र अण्णांच्या धुवट धोतरात गुंडाळून पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी असा सारा प्रवास आम्ही मांडीवर घेऊन केला.

पेल्याला ना कंगोरे, ना नक्षी. तळ जाड असून त्यात मोहरीएवढा एक बुडबुडा अडकलेला आहे. उजेडात धरून काठाकडे पाहिले तर हिरवट झाक दिसते. अण्णा सांगत, की हा पेला ओगलेवाडीचा. त्याला पुरावा असा काही नव्हता, परंतु त्यांच्या श्रद्धेला पुराव्याची गरजही नव्हती. बदलीची वाट ज्यांना त्या बाजूला कधी घेऊन गेली नसेल त्यांच्या माहितीसाठी सांगायला हवे, की कऱ्हाडच्या रेल्वे स्थानकाला ओगलेवाडी लागूनच आहे. ओगले बंधूंनी १९१६ साली काढलेल्या काच कारखान्यावरून तिला हे नाव मिळाले. त्याआधी १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. माणशी एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, आणि तिला लोकमान्यांचे पाठबळ. ओगल्यांचा 'प्रभाकर' कंदील तर पुढे महाराष्ट्राच्या खेडोपाडी टांगला गेला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे उद्योगांना आश्रय देणारे आणि स्वतः उत्तम चित्रकार. १९३८ साली त्यांनी औंधला आपल्या चित्रसंग्रहासाठी संग्रहालय उभारले. त्यामुळे काच आणि चित्र या दोन गोष्टी अण्णांच्या मनात एकाच कप्प्यात ठेवलेल्या असत. ओगल्यांचा कारखाना पुढे बंद पडला. गावाला नाव मात्र त्याचेच राहिले.

हिरवट झाकेबद्दल आम्ही लहानपणी विचारले होते. अण्णा म्हणाले, "वाळू, सोडा आणि चुना एकत्र वितळवून काच होते. वाळूत लोखंडाचा अंश असला की काच अशी हिरवी दिसते. ती कितीही स्वच्छ धुतलीस तरी जायची नाही. ज्या वाळूतून आली तिची ओळख ती सोडत नाही." तेव्हा हे आम्हांला केवळ रसायनशास्त्र वाटले होते.

अण्णांनी हा पेला आमच्यासमोर चित्रासाठी ठेवला तो आम्ही इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणार होतो त्या वर्षी. ज्यांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या आहेत, त्यांना स्थिरचित्राच्या त्या तासांची आठवण असेल. आम्ही मोठ्या उत्साहाने पेल्याची बाह्यरेषा काढली, तिच्या आत निळसर करडा रंग भरला, आणि काच चकाकते हे ठाऊक असल्यामुळे शेवटी चायनीज व्हाइटचे दोन ठसठशीत ठिपके दिले. अण्णांनी चित्र हातभर लांब धरून बराच वेळ पाहिले.

"ही काच नाही रे," ते म्हणाले. "हा निळ्या चिनी मातीचा पेला झाला. काचेला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. तिच्यामागे जे आहे ते रंगव, पेला आपोआप दिसू लागेल. आणि जिथे उजेड आहे तिथे हातच लावू नकोस."

जलरंगाची सारी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. तैलरंगात काम करणारा चित्रकार चित्र पुरे झाल्यावर पांढऱ्या रंगाचा एक फटकारा मारून चकाकी आणू शकतो. फ्रान्सच्या शार्दँने १७६१च्या सुमारास पाण्याचा पेला आणि कॉफीचे भांडे यांचे एक चित्र काढले, ते असे तैलरंगातले आहे. पारदर्शक जलरंगात तशी सोय नाही. तेथे सर्वांत उजळ असतो तो कागद. उजेड जिथे हवा तेवढी जागा पहिल्यापासून कोरी राखावी लागते, आणि एकदा तिच्यावरून रंग गेला की तो पहिला शुभ्रपणा परत येत नाही. १८३४ साली विन्सर अँड न्यूटन या इंग्रज पेढीने जस्तापासून केलेला चायनीज व्हाइट बाजारात आणला आणि चुकणाऱ्यांची थोडी सोय झाली. परंतु अण्णांच्या पेटीत त्या नळीचे तोंड वाळून घट्ट झालेले असे. "उजेड मागाहून लावता येत नाही," असे ते म्हणत.

आमच्या घरात ओटीवर एका दिनदर्शिकेतून कापून चौकटीत बसवलेले चित्र होते. त्यात एक तरुणी हातात दिवा घेऊन उभी आहे, ज्योतीवर तिने पंजा आडवा धरला आहे आणि बोटांच्या फटींतून उजेड झिरपतो आहे. येणारा प्रत्येक पाहुणा ते रविवर्म्याचे चित्र म्हणून वाखाणी आणि प्रत्येकाला अण्णा न कंटाळता सांगत, की हे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे चित्र आहे, मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि मुख्य म्हणजे ते जलरंगात आहे. 'जलरंगात' या शब्दावर त्यांचा आवाज किंचित चढे. ज्या माध्यमात चुकीला माफी नाही त्यात एवढा अंधार रंगवूनही हळदणकरांनी ज्योत विझू दिली नाही, ही गोष्ट त्यांना हळदणकरांची मानकरी म्हणून स्वतःच्याच घरातली वाटत असावी.

हे सारे आम्ही ऐकले आणि यथाकाल विसरलो. पदवी घेतली, परीक्षा दिल्या आणि केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून झालो. प्रथम एका गावी, मग दुसऱ्या, आणि आता जबलपूर. विनोबांनी या नगराला 'संस्कारधानी' म्हटले असे येथे अभिमानाने सांगितले जाते. आमच्यावर जो एक संस्कार येथे विशेष दृढ झाला तो रजा राखण्याचा.

वाचकांत बहुतेक आमचेच समव्यवसायी असल्यामुळे हे प्रकरण फार फोडून सांगायला नको. जानेवारीच्या आणि जुलैच्या पहिल्या तारखेला पंधरा-पंधरा दिवसांची अर्जित रजा खात्यात जमा होते. ती तीनशे दिवसांपर्यंत साठवता येते, आणि सेवानिवृत्तीच्या वेळी उरलेल्या रजेचे रोख पैसे मिळतात. काही लोक पोस्टाची तिकिटे जमवतात. आम्ही दिवस जमवीत होतो. कऱ्हाडला जायचे तर शनिवार-रविवारला जोडून दोन दिवसांची नैमित्तिक रजा घ्यायची, एक दिवस आणि एक रात्र जाण्यात, तेवढेच येण्यात, आणि मधल्या दीड दिवसात आईच्या हातचे खाऊन, अण्णांच्या प्रकृतीची चौकशी करून परतायचे, असा आमचा परिपाठ होता. अर्जित रजेला हात लावायचा नाही. ती अडीअडचणीसाठी.

अण्णा गेले त्या वर्षी दिवाळीपूर्वी त्यांचा फोन आला होता. "या खेपेस दहा-बारा दिवस काढून ये," ते म्हणाले, "पेल्याचे चित्र सुरू केले आहे. तू असलास तर बरे होईल." आम्ही विचारले, "प्रकृती बरी आहे ना?" "प्रकृतीला काय झाले आहे? चित्राचे बोलतोय मी." प्रकृती बरी आहे एवढेच आम्ही ऐकले. कार्यालयात काम तुंबले होते ही सबब खरी होती, पण काम केव्हा तुंबलेले नसते? आम्ही मार्च उलटल्यावर येतो म्हणून सांगितले. त्या दिवशी आमच्या खात्यावर २११ दिवसांची रजा शिल्लक होती.

पौषातल्या एका पहाटे आईचा फोन आला. आणखी एक गोष्ट येथे लिहायची आहे, आणि ती लिहिल्यावाचून या लेखाला काही अर्थ उरणार नाही. फोन ठेवल्यावर पहिल्या काही क्षणांत आमच्या मनाने हिशेब केला तो असा, की आज गुरुवार, म्हणजे शुक्रवारची एकच रजा पडते. सौभाग्यवती सामान भरीत होत्या. त्यांना हे आम्ही आजतागायत सांगितलेले नाही. या अंकातच त्या ते वाचतील.

अण्णांचे अर्धवट चित्र आम्ही नीट पाहिले ते जबलपूरला आल्यावर. पुण्याच्या हातकागदावर काढलेला हाच पेला. पाण्याने निम्मा भरलेला. डावी बाजू पूर्ण झालेली होती. मागची भिंत, खिडकीच्या चौकटीची सावली, मेजाचा तांबूस रंग, हे सारे पाण्यात उतरून वाकडे झालेले. काठावर तांदळाच्या दाण्याएवढा कागद कोरा राखला होता, आणि तोच सबंध चित्रात लखलखत होता. उजवीकडे मात्र मागची भिंत रंगवलेली नव्हती, आणि त्यामुळे तिकडे पेल्याला कडाच नव्हती. डावीकडे पाणी, डावीकडे काच, आणि उजवीकडे नुसता कागद. खाली कोपऱ्यात आश्विनातली तारीख आणि पेन्सिलीने लिहिलेले चार शब्द: 'मागची बाजू बाकी. सुटीत.'

दुसऱ्यांच्या टिप्पण्या वाचून त्यांतला आशय काढणे हा आमचा धंदा आहे. तरी या टिप्पणीचा अर्थ लागायला आम्हांला बरेच दिवस लागले. अण्णा निवृत्त होऊन वर्षे लोटली होती. निवृत्त माणसाला सुटी कसली? ती सुटी आमची होती.

त्यानंतर दीड वर्षाने आम्ही रंगांची पेटी विकत आणली. अण्णांच्या चित्राला हात लावण्याचे धाडस झाले नाही, म्हणून निराळ्या कागदावर तोच पेला मांडला. आणि मग कळू लागले, की जी वस्तू आपण दिवसातून दहादा हाताळतो ती आपण पाहिलेली नसते. पेल्याचे तोंड गोल आहे हे ठाऊक असते, परंतु बसल्या जागेवरून ते लांबट दिसते. पाण्याची पातळी त्याहून खाली, म्हणून ती अधिक गोल दिसते, आणि तळ सर्वांत खाली, म्हणून तो सर्वांत गोल. आम्ही तिन्ही एकसारखे काढीत होतो आणि पेला कोणीतरी चेपल्यासारखा दिसत होता. हे सुधारायला चार रविवार गेले. पाण्याने भरलेला पेला भिंगाचे काम करतो आणि पलीकडची डावी-उजवी बाजू उलटी दाखवतो, हेही असेच कळले. खिडकीबाहेर उजवीकडे असलेला कडुलिंब पेल्यात डावीकडे उभा होता. आम्ही तो 'दुरुस्त' करून उजवीकडे काढला. कारकुनाच्या हाताला नियमबाह्य गोष्ट सोसवत नाही. परंतु चित्र खोटे वाटू लागले आणि तो कागद फाडावा लागला.

सर्वांत अवघड ठरले ते कोरी जागा राखणे. आम्ही ती दर खेपेस राखीत असू, आणि दर खेपेस चित्र मेलेले दिसे. का, ते कळेना. उत्तर आम्हांला रविवारच्या बैठकीत सापडले नाही. ते या गावानेच दोन ठिकाणी दाखवले.

गोलबाजारातल्या शहीद स्मारकाच्या भिंतींवर शांतिनिकेतनात शिकलेल्या कलावंतांनी काढलेली चित्रे आहेत. त्यांत जबलपूरचेच ब्यौहार राममनोहर सिंहा होते. ते नंदलाल बसूंचे शिष्य. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीत उद्देशिकेच्या पानाभोवतीची नक्षी त्यांची आहे. खाली कोपऱ्यात 'राम' अशी छोटीशी सही आहे. ज्या संविधानाशी निष्ठेची शपथ घेऊन आम्ही नोकरीला लागलो, त्याच्या पहिल्या पानाची चौकट या गावच्या माणसाने काढली, हे कळल्यावर आम्ही त्या पानाचे छायाचित्र पुष्कळ वेळ पाहिले. चारही बाजूंनी नक्षी आणि मधली जागा प्रेमबिहारी नारायण रायजादांच्या अक्षरांसाठी मोकळी. ती जागा राखली होती ती काहीतरी यायचे होते म्हणून.

दुसरे ठिकाण अर्थातच भेडाघाट. एका पौर्णिमेच्या रात्री आम्ही तिघे, म्हणजे सौभाग्यवती, आमची आठ वर्षांची कन्या आणि आम्ही, नावेत बसलो होतो. त्या कड्यांना सगळे जग पांढरे म्हणते, पण दिवसा पाहावे तर त्यांत पिवळट, करडे, हिरवट, काळसर असे कितीतरी पट्टे आहेत. रात्री ते पांढरे दिसत होते ते खालच्या काळ्या पाण्यामुळे आणि कपारींतल्या अंधारामुळे. नाव वळली आणि मागचा अंधार सरला, तशी तीच कडा फिकट होऊन आकाशात मिसळून गेली. कन्येने विचारले, "बाबा, तो दगड कुठे गेला?"

त्या क्षणी अण्णांच्या चित्राची उजवी बाजू आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आमच्या अकरा पेल्यांत काय चुकत होते तेही कळले. आम्ही पांढरे राखीत होतो, पण त्याच्याभोवती गडद रंग देण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. बिघडेल या भीतीने सारा कागद फिकटच ठेवीत होतो. कोरा कागद पूर्ण पांढरा असतो, आणि तरी त्यात उजेड नसतो. राखलेली जागा उजळते ती भोवतालचे काम हात खर्ची घालून केले तर. मग आम्हांला आमच्या २११ दिवसांचीही आठवण झाली. तेही आम्ही असेच राखले होते. ते आजही खात्यावर सुरक्षित आहेत, उलट त्यांत भर पडली आहे. एका दिवसालाही डाग नाही. त्यांतले दहा त्या आश्विनात खर्ची पडले असते तर एका चित्राची मागची बाजू पुरी झाली असती, आणि आम्हांला जन्मभर पुरेल इतका उजेड तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत मावला असता.

कोणी म्हणेल की हा हळवेपणा आहे, आणि परगावी पोट भरणाऱ्याला तो परवडत नाही. आम्हीही पुष्कळ दिवस तसेच म्हणत होतो. आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाच्या खात्यावर काही दिवस असतील आणि बहुतेकांच्या गावी कोणीतरी असेल. त्यांना उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. आमचा हिशेब तेवढा मांडला.

गेल्या सोमवारी आम्ही बारा दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असे लिहिले. आमच्या वरिष्ठांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "घरी सर्व ठीक?" तेरा वर्षांत आम्ही एवढी रजा एकदम मागितली नव्हती. सर्व ठीक आहे असे आम्ही सांगितले. अण्णांचे चित्र बरोबर न्यायचे, त्याच मेजावर, त्याच खिडकीपाशी पेला मांडायचा, सकाळचा उजेड यायची वाट पाहायची आणि उजवीकडची भिंत रंगवायची, असा बेत आहे. हात कापेल हे ठाऊक आहे. चायनीज व्हाइटची नळी येथेच ठेवून जाणार आहोत.

रात्री आईला फोन केला. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बारा दिवस? खरेच ना?" आम्ही हो म्हटले. "कशासाठी रे एवढी रजा?" आम्ही म्हणालो, "अण्णांचे पेल्याचे चित्र राहिले आहे ना, ते पुरे करतो."

"कर हो," आई म्हणाली. "आणि येताना तो पेलाही घेऊन ये. सहांतला एक तू नेलास, एक परवा माझ्या हातून फुटला. चार माणसे आली की मला पाणी द्यायला पेला उरत नाही."